फणसाचा खोका

२००९ साल. गणपती नुकतेच पोचवून झाले होते. सावंतवाडीच्या चितारआळीत, आमच्या दुकानामागच्या पडवीत मी जमिनीवर खडूने चौकोन काढत होते आणि माझा धाकटा भाऊ दिगंबर हातातला रंधा थांबवून बघत होता.

"ह्या काय गो? कोंबड्यांचो खुराडो?"

"वाद्य आहे."

"वाद्य! मगे तोंड खंय त्येचा?"

"तोंड पुढे, भोक मागे. पुढची फळी पातळ, प्लायची. बाकीचं लाकूड तू सांग. उंची माझ्या गुडघ्याएवढी हवी. त्याच्यावर बसायचं असतं."

"बसान वाजवचा?" दिगाने रंधा खालीच ठेवला. "नंदाक्का, तू म्हापशाक लग्नाक गेललंस काय सर्कशीत?"

आम्ही मेस्त्री. लाकडी खेळणी, पाट, चौरंग करणारं घर. दिगाने बापाचा धंदा घेतला, मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागले, म्हणून माझी भाषा शहरी झाली आणि त्याची राहिली तशीच राहिली. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं, तेव्हा निवृत्त झाल्यावर मी माहेरच्याच माडीवर राहत होते. म्हापशाला एका सहशिक्षिकेच्या मुलीच्या लग्नात मी ते वाद्य पाहिलं. स्टेजवर एक जण खोक्यावर बसून, पुढे वाकून, त्याच खोक्याला दोन्ही हातांनी बडवत होता, आणि त्यातून ढोलही निघत होता आणि झांजही. गाणं संपल्यावर मी सरळ स्टेजवर चढले आणि त्या खोक्याच्या मागे ओणवी झाले. तो हसला. म्हणाला, "आंटी, काहोन म्हणतात ह्याला. बसून बघा." मी बसले नाही. भोकातून आत हात घालून तारा कशा ताणल्यात ते चाचपलं आणि वितीने मापं घेतली.

हे मला का हवं होतं, ते सांगते. आमच्या गल्लीतल्या दत्तमंदिराच्या महिला भजन मंडळात मी चोवीस वर्षं पखवाज वाजवत होते. मंडळ काढलं तेव्हा बाईने पखवाज घ्यायचा म्हणजे नवल होतं. सुमित्रा वालावलकर गायची, मी वाजवायची. दोघी एका बाकावरच्या. ती वकिलाची मुलगी आणि मी सुताराची, पण चौथीपासून एकमेकींच्या डब्यातलं खाल्लेलं. दोन वर्षांपूर्वी माझा डावा खांदा धरला. पखवाजाच्या डाव्या पुडीवर उघडी थाप मारली की डोळ्यांपुढे काजवे. डॉक्टर म्हणाले, हात इतका लांब ताणू नका. ह्या खोक्यात दोन्ही हात पुढ्यातच पडत होते.

"फणसाची फळी घेव या," दिगा दोन दिवसांनी आपणहून म्हणाला. "पखवाजाक फणस जाता, मगे खोक्याक कित्याक नाय?" त्याचं तसंच असे. आधी टिंगल, मग झोप उडेपर्यंत तेच डोक्यात.

तीन आठवडे आम्ही दोघं लहान मुलांसारखी त्या खोक्याला लागलो. पुढचा प्लाय तीन वेळा बदलला. तंबोऱ्याच्या जुन्या तारा आतून तिरक्या ताणून बसवल्या. मधोमध हात पडला की घुमारा येई, वरच्या काठाला बोटं लागली की तारा झणझणून उठत. मग माझी हाव वाढली. उजव्या टाचेला बांधायला घुंगरांचा पट्टा शिवला. डाव्या पायाखाली दिगाने एक लाकडी पायटा करून दिला, तो दाबला की दोन छोट्या झांजा एकमेकींवर पडत. गारंबीच्या बिया करवंटीत भरून खुळखुळा केला. खंजिरी होतीच. हे सगळं मावेल अशी गादीपाटाची पिशवी शिवली, प्रत्येक वस्तूला आपला कप्पा. मी एकटी बसले की चार जणींचं वाजे.

पहिल्यांदा सलग ठेका धरला त्या सकाळी मला रडू आलं. ठेका हातातून नाही, कमरेतून, मणक्यातून वर येत होता. दोन वर्षांत इतकं निवांत मी वाजवलं नव्हतं. मला वाटलं, खांदा दुखत नाहीये म्हणून.

भजनस्पर्धा दसऱ्यानंतरच्या रविवारी कुडाळला होती. दर वर्षी आम्ही जात असू. मी खोका उचलून देवळात तालमीला नेला. दुपारचे चार. सुमित्रा पेटीशी बसलेली, शेजारी तिची सून रेवती, आणखी सात जणी टाळ घेऊन.

"हे काय आणलंस?" सुमित्राने विचारलं.

"नवीन वाद्य. मी आणि दिगाने केलं."

"छान आहे की. आणि तू कुठे बसणार?"

"ह्याच्यावरच."

कुणीतरी फिसकन हसलं. सुमित्रा हसली नाही. तिने पेटीचा भाता लावून टाकला.

"नंदे, पखवाजाला चुकून पाय लागला तर आपण नमस्कार करतो. आणि तू वाद्यावर बसणार? दत्तमहाराजांसमोर, पाय फाकून?"

"नऊवारी नेसून बसेन. झाकलेलंच असेल सगळं. आधी ऐक तरी."

"ऐकायचं काय त्यात? वाद्यावर बसत नाहीत. साधी गोष्ट आहे." मग आवाज मऊ करून म्हणाली, "तुझा खांदा दुखतोय. ह्या वर्षी आराम कर. रेवती धरेल पखवाज. तू टाळ घे."

रेवतीने खाली बघितलं. पखवाज तिच्या पुढ्यात आधीच होता. डाव्या पुडीवर ओली कणीक लावून तो वाजवायला तयार ठेवलेला होता. म्हणजे मी खोका आणला नसता तरीसुद्धा आज पखवाज तिच्याकडेच जाणार होता. हे माझ्या लक्षात आलं, पण तेव्हा मी ते बाजूला सारलं. माणूस आपल्याला नको ते असंच बाजूला सारतं.

मी टाळ घेतले. म्हटलं, बाई देवभोळी आहे, हळूहळू वळवू.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा. दिगा रंधे, पटाशा, करवती धुऊन मांडतो. मंडळातही त्या दिवशी वाद्यं पुजतात. मी सकाळी खोका स्वच्छ पुसून, त्याला हळदकुंकू लावून देवळात नेला. पुजेत मांडला की वाद्य म्हणून त्याला मान मिळेल, मग बसण्याचं बघू, असा माझा हिशेब.

लाल कापडावर पखवाज, पेटी, टाळ, चिपळ्या मांडल्या होत्या. मी खोका शेजारी टेकवणार तर सुमित्रा म्हणाली, "इथे नको गं. दाटी होतेय. बाहेर ओवरीवर राहू दे."

"दाटी? अख्खा सभामंडप रिकामा आहे."

"नंदे, सणाच्या दिवशी वाद नको."

मी खोका ओवरीवर ठेवला. चपलांच्या रांगेपासून दोन हातांवर. मग मला झेंडूची फुलं कमी पडली म्हणून बाजारात पिटाळलं. पाऊण तासाने परत आले तर देवळाच्या दारात, चौकटीला तोरण बांधत, तोंडात सुतळी धरून सुमित्रा उभी होती. माझ्या खोक्यावर. दोन्ही पाय फणसाच्या लाकडावर, टाचा वर उचललेल्या, आणि खाली रेवतीने तो हलू नये म्हणून गुडघा टेकून धरलेला. मी लावलेलं कुंकू तिच्या तळव्याला लागलं होतं.

फुलं माझ्या हातातून कधी सुटली कळलं नाही.

"उतर."

"अगं, थांब, एकच गाठ—"

"उतर म्हणते ना! बसायचं नाही म्हणालीस. उभं राहिलेलं चालतं वाटतं? कुठल्या शास्त्रात लिहिलंय गं हे, सुमे?"

ती गडबडून उतरली. "माझ्या लक्षातच आलं नाही. स्टूल वाटला मला."

"स्टूल! तालमीच्या दिवसापासून मी तुझ्यासमोर वाद्य वाद्य म्हणून घसा कोरडा करतेय. पखवाजाला पाय लागला तर नमस्कार करतेस ना? मग आता कर. कर नमस्कार!"

आठ बायका दारात जमल्या. मी खोक्याला हात जोडायला लावतेय, वकिलाच्या मुलीला, सुताराच्या खोक्यापुढे. आता कळतं की त्या क्षणी तिला तसंच दिसलं असणार. ती लाल झाली.

"मी नमस्कार करायचा? तू काय समजतेस, ह्या खोक्यामुळे मी तुला थांबवलंय? तुझी लय धावते, नंदे! दोन वर्षं झाली. अभंग निम्म्यावर आला की तू घोडं सोडल्यासारखी सुटतेस. मी गाते की तुझ्यामागे पळते, तेच मला कळत नाही. मागच्या वर्षी कुडाळला आपण पडलो ते तुझ्यामुळे. सगळ्यांना माहीत आहे. विचार ह्यांना!"

मी विचारलं नाही. आठही जणी एकदम कुठेतरी दुसरीकडे बघायला लागल्या. एकीने सांडलेली फुलं वेचायला घेतली. तेवढ्यात मला उत्तर मिळालं.

घरी आले तेव्हा दिगा पुजलेल्या हत्यारांसमोर चहा पीत बसला होता. त्या दिवशी हत्याराला हात लावत नाहीत, त्यामुळे त्याला काही सुचत नसे.

"दिगा, माझी लय धावते?"

त्याने कप खाली ठेवला. उत्तर द्यायला त्याला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात मला त्याच्याही कानाखाली द्यावीशी वाटली.

"तुका कोणी सांगल्यान?"

"म्हणजे तुलाही माहीत होतं."

"नंदाक्का, तुका बारीक आवाज ऐकाक येणा नाय. खालची कडी वाजली तरी तुका कळणा नाय. कुकराची शिटी मी येवन बंद करतंय. टाळ सगळ्यो जणी वाजवक लागल्यो काय तुका सुमित्राचो आवाज पोचणा नाय, मगे तुझो हात एकटोच धावता."

"दोन वर्षं? आणि तू गप्प बसलास?"

"तुका वायट वाटात म्हणान."

वाईट वाटेल म्हणून! मी पटाशी उचलली आणि पूजेच्या पाटावर आपटली. खंडेनवमीच्या दिवशी, कुंकू लावलेली पटाशी. दिगाने ती उचलून परत जागेवर ठेवली आणि म्हणाला, "खोक्यार नाय धावत."

"काय?"

"पखवाजार धावता. खोक्यार नाय. तीन आठवडे मी ऐकतंय मा. तू त्येच्यार बसलंस काय तुका कानान ऐकूची गरज नाय. हाडातसून कळता. बस. मी पाट बडयतंय, तू धर."

त्याने उलट्या पाटावर हाताने ठेका धरला, मुद्दाम कमी-जास्त करत. मी खोक्यावर बसले, डोळे मिटले. माझ्या बैठकीखालून माझाच आवाज माझ्यात येत होता, आणि खोका जमिनीला टेकलेला असल्यामुळे त्याच्या पाटाचा धक्काही येत होता. कान मधे नव्हतेच. अर्धा तास आम्ही वाजवलं. एकदाही सुटले नाही. ती कमरेतून येणारी निवांती खांद्यामुळे नव्हती, हे मला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, भाऊ पाट बडवत असताना कळलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी खोका घेऊन सुमित्राच्या घरी गेले. आपट्याची पानं नेली नाहीत.

"गा," मी म्हटलं. "कुठलाही अभंग. पेटी मोठ्याने धर, मला पर्वा नाही. पण पेटी जमिनीवर ठेव."

"नंदे, त्या दिवशी मी फार बोलले. माझं तोंड—"

"गा म्हणते ना."

तिने पेटी ओढली. रेवती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सुमित्राने विलंबितात सुरुवात केली, मग मला पाडायला म्हणून मधे एक लांब आलाप घेतला, जिथे मी नेहमी सुटायची. मी जिथे होते तिथेच होते. तिने लय वाढवली, मी तिच्याबरोबर वाढले, तिने एकदम उतरवली, मी उतरले. टाचेची घुंगरं, पायाची झांज, सगळं जागच्या जागी. शेवटी समेवर दोघी एकत्र आलो तेव्हा तिने पेटीवरचे हात उचलले.

"कशी बसते गं ही लय तुझी इथे?"

मी सांगितलं. कानाचंही सांगितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या नाही आलं. माझा राग तसाच होता.

"ये तू रविवारी," ती म्हणाली. "खोक्यावर बस. दत्तमहाराजांना मी सांगेन काय ते. रेवती टाळ घेईल. काय गं रेवती?"

"मी तर सुटले, मावशी," रेवती म्हणाली. "मला तर रात्री पखवाजाची स्वप्नं पडायला लागली होती."

"येईन," मी म्हटलं. "पण एक. आठ जणींसमोर तू म्हणालीस की माझी लय धावते. त्याच आठ जणींसमोर म्हण, की खोक्यावर धावत नाही. एवढं एक वाक्य."

"अगं, तू वाजवशील तेव्हा त्यांना कळेलच की."

"कळेल. पण तू म्हण."

"धावत होतीच ना? मी खोटं बोलले का?"

"नाही. म्हणूनच आता खरं ते पूर्ण बोल. दोन वर्षं तू मला एकटीला बाजूला घेऊन सांगू शकली असतीस. चौथीपासूनची तू माझी. त्याऐवजी देवाला पुढे केलंस आणि मग बाजार मांडलास."

तिने पदराने पेटीच्या पट्ट्या पुसायला घेतल्या. "मला नाही जमणार," ती म्हणाली. "चोवीस वर्षं त्या माझं ऐकतात. मी चुकले असं मी कधी आमच्या ह्यांनासुद्धा म्हटलेलं नाही."

"मग ह्या वेळी म्हण."

"रविवारी सकाळी सातला ट्रॅक्स निघेल. तुझ्या दारावरूनच जाईल."

रविवारी साडेसहाला मी नऊवारी नेसून तयार होते. खोका दारात, पिशवी भरलेली, प्रत्येक वस्तू आपल्या कप्प्यात. दिगाने खोक्याला तेल लावून चकाकवला होता. ट्रॅक्स आली. दिगा म्हणाला की हॉर्न वाजतोय. मी दाराच्या फटीतून बघत होते. पुढच्या सीटवर, ड्रायव्हरशेजारी, सुमित्रा. मागे सगळ्या जणी कोंबून बसलेल्या. जागा एकच रिकामी. मला एवढंच हवं होतं की तिने काच खाली करून मागे वळावं आणि ते एक वाक्य म्हणावं. माडीच्या आठ पायऱ्या चढूनही यायला नको होतं.

रेवती उतरून आली. "मावशी, चला ना."

"सुमी काय म्हणाली?"

रेवतीने मागे बघितलं. "म्हणाल्या, उशीर होतोय."

"एवढंच?"

"एवढंच."

दिगा खोका उचलायला वाकला. मी त्यावर हात ठेवला.

"नंदाक्का," तो माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "जा गो. वाजव. एका वाक्याखातर कित्याक..."

"तू मधे पडू नकोस. तूही दोन वर्षं गप्प होतास."

रेवतीने खाली वाकून मला नमस्कार केला आणि गेली. ट्रॅक्स वळणावर दिसेनाशी होईपर्यंत सुमित्राने मान वळवली नाही. मीही दाराबाहेर पाऊल टाकलं नाही.

त्या वर्षी मंडळाला उत्तेजनार्थ मिळालं. पुढल्या वर्षापासून त्यांनी स्पर्धेला जाणं बंद केलं, आणि सुमित्राचा आवाज गेल्यावर मंडळच बंद पडलं. आता देवळात दुपारी सत्संगाची रेकॉर्डिंगं लावतात.

रेवतीने पखवाज सोडला. ती पुण्याला मुलांकडे असते. दिवाळीला फोन करते आणि मोठ्याने बोलते, कारण तिला माहीत आहे.

दिगाने म्हापशाच्या एका दुकानदाराला तसे अकरा खोके करून दिले. सगळे फणसाचे. तो २०१८ मध्ये गेला, पटाशा पुसत असताना. शेवटपर्यंत म्हणत होता की जायला हवं होतं.

मी दोन्ही कानांना यंत्र लावते. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी बांद्याच्या चर्चमधल्या गायकवृंदात वाजवायला लागले. सात वर्षं वाजवलं. तिथे कुणी बसण्याबद्दल काही बोललं नाही, कारण तिथे सगळेच बाकावर बसतात. गुडघे गेल्यावर सोडलं.

सुमित्रा २०१५च्या चैत्रात गेली. तिचं घर माझ्या दारापासून चारशे पावलांवर. सहा वर्षं आम्ही बाजारात समोरासमोर आलो की भाजीकडे बघत असू. शेवटच्या महिन्यात रेवती मला बोलवायला आली होती. मी विचारलं, "तिने सांगितलंय का बोलवायला?" रेवती खोटं बोलणारी नव्हती. म्हणाली, "नाही मावशी. मीच आलेय." मी गेले नाही. आताही कुणी तोंडभरून तिचं नाव काढलं, किती देवभोळी होती, किती गोड गायची, की माझ्या कानशिलात रक्त चढतं, आणि मी उठून आत जाते.